होजवरची पांढरी रेघ

आमच्या गॅरेजात माझी सवत राहते. दोन सीटांची, लाल, बुटकी, नाक पुढे काढून बसलेली जुनी स्पोर्ट्स कार. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती आधीपासूनच इथे होती. म्हणून खरी सवत तूच, असं हे मला चारचौघांत म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचे. हे म्हणजे माझा नवरा. आता तो विनोद गेला, हसणं गेलं, आणि ह्यांच्या डोक्यातून मीही गेले. गाडी मात्र ठाण मांडून बसली आहे.

सकाळी चहा पुढे ठेवला की म्हणतात, "कशाला त्रास घेतलात, बाई?" बाई! इतकी वर्षं या माणसाचे तेलकट डगले घासले, ह्यांच्या आईचं दुखणं काढलं, ह्यांचा राग झेलला, आणि शेवटी मी कोण, तर बाई. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा बाथरूमची कडी लावून रडले होते. आता नाही रडत. आता म्हणते, "त्रास कसला साहेब, पगार घेते ना." ते त्यांना पटतं.

माझं जाऊ दे. शेजारी गेले, भाऊ गेला, डेपोतले दोस्त गेले, सगळे एकेक करून ह्यांच्या डोक्यातून उतरले. राहिली एकटी आमची मुलगी. लहानपणी ह्यांच्याबरोबर गाडीखाली शिरून सारखी चिवचिव प्रश्न विचारायची, म्हणून हे तिला चिमणी म्हणायला लागले. आज ती चांगली पन्नाशीला टेकलेली बाई आहे. क्रेनला आणि खोदायच्या यंत्रांना लागणारे होज बनवायचा तिचा स्वतःचा कारखाना आहे, हाताखालच्या लोकांना ती चळाचळा कापायला लावते. पण दारात आली की हे उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "चिमणे, आलीस?" तेवढ्यासाठी ती गाव ओलांडून यायची. आणि मी, सख्खी आई, तिच्यावर जळायची. जळायची तर जळायची, खोटं कशाला बोलू.

ह्यांना अख्खा डेपो ब्रेकमास्तर म्हणायचा. बसचा डेपो होता. ह्यांनी ब्रेक तपासल्याशिवाय एक बस फाटकाबाहेर जात नसे. ब्रेकचं तेल लोखंडी नळीतून चाकाकडे जातं, पण शेवटची वीतभर नळी रबराची लागते, कारण चाक वळतं, खालीवर उडतं, तिथे लोखंड टिकायचं नाही. ती वीतभर नळी म्हणजे होज. त्या वीतभर रबरावर बसभर माणसांचा जीव टांगलेला असतो, हे ह्यांचं पालुपद. नवा होज आला की हे तो आधी मशीनवर लावून त्याच्यात दाब भरायचे. टिकला, की बारीक ब्रशने या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ ओढायचे. बसवताना होजला पीळ पडला तर रेघ वाकडी दिसते, म्हणून रेघ. आणि रेघ आहे म्हणजे होज पास आहे, म्हणूनही रेघ. आधी दाब, मग रेघ. उलटं झालेलं ह्यांना खपत नसे.

एका फिटरने एकदा घाईघाईत मशीनवर न लावताच रेघ ओढली. होज चांगला होता, कदाचित काही झालंही नसतं. ह्यांनी त्या माणसाला दंडाला धरून फाटकाबाहेर नेऊन सोडलं. पुढे कितीतरी वर्षांनी तो आम्हाला बाजारात भेटला आणि तोंडभर हसून "मास्तर!" म्हणाला. हे त्याच्या अंगावरून सरळ निघून गेले. मी म्हटलं, "अहो, तुमचा तो फिटर ना?" तर म्हणाले, "मी ओळखत नाही त्याला." नाटक नव्हतं ते. ह्यांनी त्या माणसाला खरोखरच पुसून टाकलं होतं, आणि तेव्हा ह्यांचं डोकं चांगलं शाबूत होतं.

डोकं बिघडायला कधी लागलं ते काही सांगता येत नाही. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, चाव्या साखरेच्या डब्यात सापडल्या, आम्ही हसून वेळ मारून नेली. मग एकदा हे पाव आणतो म्हणून गाडी घेऊन गेले आणि शाळेसमोरच्या चौकात, मुलं रस्ता ओलांडत असताना, ब्रेकचं पेडल कुठलं तेच ह्यांना आठवेना. ब्रेकमास्तरांना! कशीबशी चावी फिरवून इंजिन बंद केलं, गाडी फुटपाथला घासत घासत थांबली. एका पोराचं दप्तर पुढच्या चाकाखाली आलं. पोर वाचलं. लोक धावून आले तेव्हा हे स्टिअरिंगला मिठी मारून रडत होते. घरी येईपर्यंत सगळं विसरले. मी ते दप्तर अजून विसरलेले नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाडी बंद, कायमची बंद. सांगायला काय जातंय! ह्यांना शंभरदा समजावलं. समजायचं, मान हलवायचे, आणि चहा होईस्तोवर कोरी पाटी. शेवटी चिमणीने गाडी लोखंडी स्टँडवर उचलून ठेवली, चाकं अधांतरी, आणि बॅटरी काढून आपल्या कारखान्यात नेऊन ठेवली. मग काय, रोजचा तमाशा. "माझी बॅटरी कोणी नेली? बाई, तुम्ही विकलीत ना?" एकदा तर माझ्या अंगावर हा एवढा मोठा पाना उगारला. माझी पाचावर धारण बसली. नवऱ्याच्या हाताची भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, ती म्हातारपणी वाटली.

चिमणी तेव्हा घरात होती म्हणून बरं. ती मध्ये आली आणि अगदी सहज म्हणाली, "बाबा, बॅटरीचं काय घेऊन बसलात? हिचे होज बाद झालेत."

पाना खाली आला. "बाद झालेत?"

"हे बघा ना." तिने चाकापाशी वाकून जुना होज सोडवला आणि ह्यांच्यासमोर वाकवून धरला. रबराला बारीक तडे गेले होते.

ह्यांनी तो नाकाशी नेला, अंगठ्याने दाबून पाहिला, आणि चेहऱ्यावरचा राग कोणी पुसून घ्यावा तसा गेला. "खरंय. असल्या होजवर गाडी जागची हलवायची नाही. आण चिमणे, बघू या काय काय मिळतं ते. नीट निवडून घेऊ."

बॅटरी नाही म्हणजे चोरी, पण होज नाही म्हणजे नियम. आणि नियम ह्यांच्या हाडात होता. त्या दिवसापासून आमच्याकडे होज निवडणं सुरू झालं.

चिमणी येताना पत्र्याच्या डब्यातून होज घेऊन यायची. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरायचा आणि त्यावर ते मांडायचे. काही साधे काळ्या रबराचे, काही वरून स्टीलच्या तारांची जाळी विणलेले, चकचकीत. मग बापलेकीची तीच वादावादी, दर वेळी नव्याने.

"जाळीवाले घेऊ या बाबा. फुगत नाहीत. पेडल कसं कडक लागतं."

"लागतं ना. पण आत रबर कुजलं तर दिसणार आहे का तुला? जाळी वरून नवीच्या नवी. रबर कसं, म्हातारं झालं की सांगतं. तडा दाखवतं, फुगवटा दाखवतं. जाळीवाला मुका असतो."

"मग मी रबराची," मी स्वयंपाकघरातून म्हणायची. "तडे मोजून घ्या."

हे हसायचे. म्हणायचे, "बाई विनोदी आहेत हं आपल्याकडच्या."

मग लांबी. ह्यांच्या मते लोक होज आखूडच घेतात. गाडी उभी असताना मोजतात आणि फसतात. चाक पूर्ण वळवून, पूर्ण खाली लोंबत ठेवून मोजायचं असतं, तेव्हा खरी लांबी कळते. दोघं गॅरेजात जायची, चाक या टोकाला वळवायची, त्या टोकाला वळवायची, होज लावून धरायची. परत आली की हे एखादा होज उचलून उजेडात धरायचे आणि विचारायचे, "रेघ कुठाय गं ह्याच्यावर?"

"रेघ शेवटी, बाबा. निवडून झालं की मशीनवर लावीन, मग ओढू."

"शाब्बास. आधी दाब, मग रेघ."

आणि पुढच्या खेपेला सगळं पहिल्यापासून. काय निवडलं होतं ते ह्यांच्या लक्षात नसायचं. "चिमणे, आलीस? हिचे होज बाद झालेत ना? रबर घ्यायचं की जाळी?" मला वाटायचं, एवढंच जर उरलेलं आयुष्य असेल तर चालेल. गाडी स्टँडवर, मुलं शाळेत सुखरूप, आणि हे टेबलाशी हसत बसलेले.

पण ह्यात एक खोट होती. ते होज खरे नव्हते.

होजच्या टोकाला धातूची टोपी असते. ती मशीनमध्ये घालून चांगली दाबावी लागते, तेव्हा ती रबराला आवळून बसते आणि दाब सोसते. चिमणीने टोप्या नुसत्या वरून घातल्या होत्या. हातात निसटू नयेत म्हणून आत डिंकाचा थेंब लावला होता. मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटे होज? ह्यांना? अगं, ब्रेकमध्ये खोटेपणा केला म्हणून ह्यांनी माणूस हाकलला होता."

"मग खरे आणू? खरे आणले तर बसवतील. बसवले की म्हणतील, गाडी खाली घे. मग उद्या काय सांगशील तू?"

"दुसरं काहीतरी सांगू."

"दुसरं ऐकतात का ते?" ती डबा बंद करत होती. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आई, टेबलाशी बसून हे चाललेलं असतं ना, तेव्हाच ते मला चिमणे म्हणतात. मागे नुसती भेटायला आले होते, हातात डबा नव्हता, तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी कोण ते शोधत होते. मला नाही गं सोसणार ते. तुला सोसतं, मला नाही."

मला सोसतं!  मी डबा तिच्या हातून घेतला आणि टेबलावरच राहू दिला.

मग एके दिवशी सकाळी हे उठले तेच वेगळे. कधीकधी असा एखादा दिवस उगवतो, डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. दाढी केली, शर्टाची बटणं बरोबर लावली, आणि टेबलावर राहिलेला डबा घेऊन गॅरेजात गेले. मी कपडे वाळत घालून आत डोकावले तर हे बाकावर पुठ्ठा पसरून बसलेले, नाकावर चष्मा, हातात बारीक ब्रश. समोर साधे रबराचे होज ओळीने ठेवलेले. प्रत्येकावर पांढरी रेघ. हात कापणारा माणूस, पण रेघ अशी सरळ की बघत राहावं.

"साहेब, रेघ ओढलीत?" मी विचारलं.

"रबरच घेतलं," ते म्हणाले. "रबर बोलतं."

"पण मशीनवर लावायचे होते ना आधी?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, खुळ्या माणसाकडे पाहावं तसं. "चिमणीने आणलेत हे. ती पास झाल्याशिवाय घरात आणेल? तिला मी शिकवलंय."

 मी आत येऊन चिमणीला फोन लावला. म्हटलं, "अगं, ते बसवतायत. रेघा ओढून मोकळे झालेत."

 ती म्हणाली, "बसवू दे आई. बॅटरी इथे माझ्यासमोर आहे. ब्रेकचं तेल मी केव्हाच काढून टाकलंय. गाडी कुठे जात नाही. आनंदात आहेत ना? मग राहू दे. मी निघालेच."

तेल नाही, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं. पण ब्रेकमास्तर ते. डिकीत, जास्तीच्या चाकामागे, तेलाचा सीलबंद डबा त्यांनी कोण जाणे कधीचा ठेवून दिला होता. डोकं विसरलं होतं, हाताला बरोबर सापडला.

मी स्वयंपाकघरात होते. गॅरेजातून हाक आली.

"अगं ए! कुठे आहेस? ये जरा इकडे, पेडलवर बस."

हातातलं भांडं धाडकन ओट्यावर पडलं. अगं! माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत ह्यांनी मला हे काम शिकवलं होतं. नवे होज बसवले की आतली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून छोटा बोल्ट सैल करायचा आणि आवळायचा. बाकीच्या बायका लग्नानंतर फिरायला गेल्या, मी या खड्ड्यासारख्या सीटमध्ये बसून पेडल दाबत होते. तेव्हा किती चिडले होते मी!

"आले आले," म्हणत पळत गेले आणि सीटमध्ये शिरले. गुडघे कुरकुरले. हे पुढच्या चाकापाशी जमिनीवर पसरले होते, मला फक्त पांढरे केस दिसत होते.

"दाब."

मी दाबलं. पाय थेट खाली गेला.

"धर."

धरलं.

"सोड. आता दाब. अगं, घाई नको करू, तुझी ही सवय काही जात नाही बघ."

तुझी ही सवय! ह्यांना माझी सवय आठवत होती. मी तिथे बसून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पाय चालू होता. दाब, धर, सोड. मला माहीत होतं होज खोटे आहेत ते. तोंडावर आलं होतं, की अहो थांबा, ते दाबलेले नाहीत. पण थांबवलं असतं तर मी पुन्हा बाई झाले असते. मला अजून थोडा वेळ अगं व्हायचं होतं. गाडी कुठे जात नव्हती ना, मग कोणाचं काय बिघडत होतं?

हळूहळू पेडल वर येऊ लागलं. पायाला कडकपणा लागू लागला.

"आलं ना वर?" हे खालून ओरडले. "बघ, रबर आहे म्हणून काय झालं! आता शेवटचं. बोल्ट आवळलाय. जोर लावून दाब आणि धर. चांगलं धर."

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंगला पकडून दाबलं. धरलं. पेडल दगडासारखं लागत होतं. मग फट् असा आवाज झाला आणि पाय सरळ तळाला गेला.

हे किंचाळले.

मी बाहेर कशी आले आठवत नाही. होज टोपीतून निसटला होता आणि तेलाची चिळकांडी सरळ ह्यांच्या तोंडावर बसली होती. डोळे गच्च मिटून, हात पसरून हे जमिनीवर चाचपडत होते. मी ओढत ओढत नळाशी नेलं, धार धरली, तोंड धूत राहिले, धूत राहिले. "उघडा डोळे, उघडा, मी आहे." शेवटी उघडले. लाल झाले होते पण दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला. कप्पाळ माझं! तेवढ्यावर भागलं असतं तर.

हे परत गाडीपाशी गेले. खाली वाकून सुटलेली टोपी उचलली. बोटांत फिरवली, आत नख घातलं. नखाला डिंक लागला.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि चिमणी धावत आत आली. जमिनीवरचं तेल, माझे ओले हात, ह्यांचे डोळे, तिने सगळं एका नजरेत पाहिलं आणि ती जागच्या जागी थबकली.

"चिमणे," हे म्हणाले. आवाज स्वच्छ, डेपोतला.

"हो बाबा."

"हा मशीनवर लावला होतास?"

ती खोटं बोलू शकली असती. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, बोल खोटं, कारागिराची चूक म्हण, काहीही म्हण.

"नाही बाबा," ती म्हणाली.

"टोपी दाबलेली नाही. चिकटवलेली आहे."

"हो."

"मी ह्याच्यावर रेघ ओढली," हे म्हणाले.

चिमणी रडायला लागली. "बाबा, तुम्ही गाडी बाहेर काढू नये म्हणून हो. तुम्हाला आठवत नाही, तुम्ही शाळेपाशी..."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं होतं!" मी ओरडले. "शंभरदा सांगितलं! मी सांगितलं, तिने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं!" त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते तिच्याकडे बघत होते, अगदी नीट ओळखून बघत होते. त्या क्षणी ती कोण, काय, किती शिकवलं, सगळं त्यांच्या डोळ्यांत होतं. मग त्यांनी टोपी बाकावर ठेवली, चिंधीने बोटं पुसली आणि घरात निघून गेले.

संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, माझे डोळे का हो चुरचुरतायत?"

"धूळ गेली असेल, साहेब," मी म्हटलं. अगं संपलं होतं. चिमणीला फोन करून सांगितलं, विसरले गं बाई सगळं. ती पलीकडे सुस्कारा टाकून म्हणाली, "सुटले." मलाही वाटलं, सुटलो. ह्या मेल्या दुखण्याने आमच्यावर एवढा तरी उपकार केला.

पुढच्या खेपेला ती नेहमीसारखी डबा घेऊन आली. हे खुर्चीत बसले होते. उठले नाहीत. डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाबा, मी. चिमणी."

हे माझ्याकडे वळले. "बाई, ह्यांना सांगा, आपल्याला काही घ्यायचं नाही. ह्यांचा माल धड नसतो."

"अहो, तुमची मुलगी आहे ती. चिमणी."

"मी ओळखत नाही ह्यांना."

बाजारात त्या फिटरबद्दल म्हणाले होते ते शब्द, तोच आवाज, तीच मान फिरवायची तऱ्हा. मी विचारलं, "साहेब, माल धड नसतो हे तुम्हाला कसं कळलं?" तर विचार करून म्हणाले, "ते माहीत नाही. पण नसतो." काय झालं ते विसरले होते. झालं होतं, हे विसरले नव्हते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दुखणं पुढे सरकलं, आज ना उद्या हे होणारच होतं, मुलीने मनाला लावून घेऊ नये. असेल. त्या शिकलेल्या आहेत. मी ह्या माणसाबरोबर संसार केलाय आणि माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही मी. दोष कुणाला द्यायचा? त्या दप्तराच्या जागी पोर असतं तर?

चिमणी तरीही येत राहिली. कधी डबा घेऊन, कधी रिकाम्या हाताने. हे सभ्यपणे "बसा" म्हणायचे आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे. ती सुकत चालली होती. मी म्हटलं, "येऊ नकोस गं काही दिवस." तर माझ्यावरच खेकसली, "तू नाही का राहत इथे? तुला तरी कुठे ओळखतात?" आणि मग माझ्याच गळ्यात पडून रडली.

मग एक दिवस तिने आणलेल्या फडक्याची गुंडाळी टेबलावर सोडली. खरे होज होते. साध्या रबराचे, मापाचे, टोप्या मशीनमध्ये दाबलेल्या. तिने स्वतः कारखान्यात उभं राहून ते मशीनवर लावले होते, दुप्पट दाब भरून धरून ठेवले होते. आणि प्रत्येकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ.

"ही गाडी कधी चालणार नाही, कशाला केलेस?" मी हळूच विचारलं. ती ह्यांच्याकडे बघत होती.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. एक होज उचलला. टोपीभोवती अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. रबर वाकवून कानाशी नेलं, नाकाशी नेलं. होज उजेडात धरून एक डोळा मिटला आणि रेघेवरून नजर सरळ टोकापर्यंत नेली. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

"काम फार चांगलं आहे," ते म्हणाले. "कोणी केलं?"

"मी केलं, बाबा," चिमणी म्हणाली.

ते हसले, अगदी समजुतीने. "नाही हो, तुम्ही नाही. हे माझ्या मुलीचं काम आहे. ही रेघ बघा. पास झाल्याशिवाय ती रेघ ओढत नाही. तिला मी शिकवलंय." त्यांनी होज फडक्यात जपून गुंडाळले आणि गुंडाळी स्वतःच्या मांडीवर घेतली. "राहू देत हे माझ्यापाशी. ती आली की आम्ही दोघं मिळून बसवू. तुमची कुठे भेट झाली तर सांगाल का तिला? बरेच दिवस झाले, आली नाही."

चिमणीचे दोन्ही हात टेबलावर होते. तिने ते खाली घेतले.

"सांगते," ती म्हणाली. "भेटली की सांगते."

"बाई," हे माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यांना चहा द्या. लांबून आल्यात."

मी उठले आणि चहा टाकला.